संघ बदलला की खेळाडू बदलतो का? : विल्ट चेंबरलेनची जीवनकथा



जून महिना आला की आपल्या शाळांमध्ये एक गोष्ट हमखास घडते. काही मुलं दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत जातात, काही नवीन मुलं आपल्या वर्गात येऊन बसतात. दिवाळीपर्यंत पहिल्या सत्राचे गुण हातात येतात आणि मग चर्चा सुरू होते. आधीच्या शाळेत पहिला येणारा मुलगा इथे मागे का पडला? तिथे मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी इथे एवढी बोलायला कशी लागली? मूल तेच, घर तेच, पुस्तकंही बहुतेक तीच. मग बदललं काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आज आपण एका बास्केटबॉलपटूचं आयुष्य समजून घेणार आहोत. त्याचं नाव विल्ट चेंबरलेन. अमेरिकेच्या या खेळाडूने आपल्या कारकिर्दीत तीन मोठ्या संघांसाठी खेळ केला. प्रत्येक संघात त्याचे आकडे वेगळे दिसले आणि लोकांनी त्याला दिलेलं नावही वेगळं होतं. मुलांना ही गोष्ट सांगाच, पण त्याआधी आपण मोठ्यांनी ती नीट वाचायला हवी.

जन्म आणि बालपण

विल्टचा जन्म २१ ऑगस्ट १९३६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. नऊ भावंडांचं मोठं कृष्णवर्णीय कुटुंब, कष्ट करणारे आई-वडील. लहानपणी त्याला न्यूमोनियाचा इतका जबर आजार झाला की शाळेचं एक वर्ष बुडालं. सुरुवातीला त्याचा ओढा बास्केटबॉलकडे नव्हताच. त्याला धावणं आणि उंच उडी आवडायची. पण त्याची उंची वाढतच गेली आणि पुढे ती ७ फूट १ इंचापर्यंत पोहोचली. अशा मुलाला बास्केटबॉलच्या मैदानापासून कोण दूर ठेवणार? ओव्हरब्रुक हायस्कूलमध्ये असतानाच त्याचं नाव देशभर झालं.

पुढे तो कॅन्सस विद्यापीठात गेला. तिथल्या संघाने १९५७ साली राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. समोर नॉर्थ कॅरोलिनाचा संघ होता. सामना बरोबरीत सुटला म्हणून जादा वेळ द्यावा लागला, तोही एकदा नाही, तीन वेळा. शेवटी कॅन्सस ५४-५३ असा एका गुणाने हरला. गंमत बघा, स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान हरलेल्या संघातल्या विल्टलाच मिळाला. तरीही त्या दिवसापासून त्याच्या नावाला एक कुजबुज चिकटली. एवढा उंच, एवढा ताकदवान, तरी संघाला जिंकून देता आलं नाही, अशी ती कुजबुज. पुढची दहा वर्षं तिने त्याचा पिच्छा सोडला नाही.

पहिला संघ : गुणांचा डोंगर

१९५९ मध्ये विल्ट एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत आपल्याच गावच्या फिलाडेल्फिया वॉरियर्स संघातून खेळू लागला. त्याआधीचं एक वर्ष त्याने हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या हसवत-हसवत खेळणाऱ्या फिरत्या संघात काढलं होतं. एनबीएच्या पहिल्याच हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी ३७.६ गुण मिळवले. नवोदितांमधला सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच आणि सगळ्या स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच ठरला.

१९६१-६२ च्या हंगामात तर कमालच झाली. त्याची सरासरी होती सामन्यामागे ५०.४ गुण! एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो आणि विल्ट त्या वर्षी सरासरी ४८.५ मिनिटं मैदानावर होता. हे कसं शक्य आहे, असं मुलं नक्की विचारतील. जादा वेळेत गेलेल्या सामन्यांमुळे ही सरासरी ४८ च्या वर गेली. म्हणजेच हा माणूस जवळजवळ बाकावर बसलाच नाही. त्याच हंगामात, २ मार्च १९६२ रोजी, हर्शी या छोट्या गावात न्यूयॉर्क निक्स संघाविरुद्ध त्याने एकट्याने १०० गुण केले. आजही हा विक्रम कोणी मोडलेला नाही.

पण त्या वर्षी विजेतेपद कोणाला मिळालं? बॉस्टन सेल्टिक्सला. विल्टच्या संघाला त्यांनी निर्णायक सातव्या सामन्यात अवघ्या दोन गुणांनी हरवलं. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही बॉस्टनच्या बिल रसेलकडे गेला. रसेल विल्टपेक्षा कितीतरी कमी गुण करायचा. तो बचाव करायचा, बास्केटला लागून परत आलेला चेंडू झेलायचा (याला रिबाउंड म्हणतात) आणि लगेच साथीदाराकडे द्यायचा. रसेल आयुष्यभर एकाच संघात खेळला. १३ हंगामांत त्या संघाने ११ विजेतेपदं मिळवली. लोकांनी मग सोपा हिशोब मांडला : रसेल जिंकणारा, विल्ट फक्त गुण जमवणारा.

हा हिशोब तपासून बघायची संधी पुढच्याच वर्षी आली. १९६२ मध्ये वॉरियर्स संघ फिलाडेल्फियाहून थेट दुसऱ्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोला हलला. प्रशिक्षक फ्रँक मॅक्ग्वायर सोबत गेले नाहीत. पॉल अरिझिन हा संघातला जुना, भरवशाचा खेळाडूही फिलाडेल्फियातच राहिला. विल्ट मात्र गेला आणि नेहमीसारखाच खेळला. सामन्यामागे ४४.८ गुण, म्हणजे पुन्हा सर्वांत जास्त. तरी आदल्या वर्षी ८० पैकी ४९ सामने जिंकलेला हा संघ या वर्षी ३१ वरच थांबला.

इथे जरा थांबून विचार करा. खेळाडू तोच, मेहनत तीच, त्याचे स्वतःचे गुणही जवळपास तेवढेच. आजूबाजूची माणसं बदलली आणि संघाचा निकाल बदलला. खापर मात्र विल्टच्याच डोक्यावर फुटलं, कारण मैदानात सगळ्यात उंच तोच दिसायचा.

दुसरा संघ : गुण निम्मे, विजय दुप्पट मोलाचे

सॅन फ्रान्सिस्कोला अ‍ॅलेक्स हॅनम हे नवे प्रशिक्षक आले. तू थोडे कमी गुण कर, पास जास्त दे, बचावाकडे लक्ष दे, असं त्यांनी विल्टला समजावलं. १९६४ मध्ये संघ अंतिम फेरीत पोहोचला, पण तिथे पुन्हा बॉस्टनच उभा होता. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला विल्ट आजारी पडला. संघ हरत गेला आणि त्याच्यावरचा खर्चही मालकांना जड होऊ लागला. शेवटी जानेवारी १९६५ मध्ये वॉरियर्सने त्याला देऊन टाकलं. बदल्यात तीन खेळाडू आणि काही रक्कम घेतली. ज्याच्या नावावर १०० गुणांचा विक्रम, त्याला त्याच्याच संघाने हंगामाच्या मध्यावर सोडावं, याचा अर्थ लोकांनी काय लावला असेल, हे वेगळं सांगायला नको. त्या हंगामात वॉरियर्सने अवघे १७ सामने जिंकले.

विल्ट आता पुन्हा जन्मगावी आला होता. वॉरियर्स निघून गेल्यावर फिलाडेल्फियात सेव्हन्टी सिक्सर्स हा संघ आला होता. पण संघ बदलला आणि सगळं लगेच सुधारलं, असं काही झालं नाही. १९६५ मध्ये ते बॉस्टनशी सातव्या सामन्यात एका गुणाने हरले. १९६६ मध्येही बॉस्टननेच बाहेर काढलं.

मग १९६६ मध्ये प्रशिक्षक म्हणून तेच अ‍ॅलेक्स हॅनम आले. त्यांची मागणीही तीच होती : गुण कमी, पास जास्त. आता तुम्ही म्हणाल, हेच तर सॅन फ्रान्सिस्कोलाही सांगितलं होतं. बरोबर. पण पास देऊन उपयोग कधी होतो? चेंडू घेणाऱ्याला तो बास्केटमध्ये टाकता येत असेल तेव्हाच. फिलाडेल्फियात हॅल ग्रीअर, चेट वॉकर, बिली कनिंगहॅम असे पट्टीचे खेळाडू होते. विल्ट बास्केटजवळ चेंडू घ्यायचा. त्याला अडवायला दोन-तीन जण धावले की कोणीतरी साथीदार मोकळा सुटायचा आणि चेंडू बरोबर त्याच्या हातात पडायचा.

त्या हंगामात विल्टची सरासरी २४.१ गुणांवर आली. पाच वर्षांपूर्वीच्या निम्म्याहूनही कमी! सात वर्षांत पहिल्यांदाच सर्वाधिक गुणांचा मान दुसऱ्या कोणाला मिळाला. पण बास्केटकडे टाकलेल्या १०० चेंडूंपैकी त्याचे ६८ आत जात होते आणि सामन्यामागे जवळपास ८ वेळा त्याच्या पासवर साथीदार गुण मिळवत होते. संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले. सलग आठ वर्षं विजेता ठरलेल्या बॉस्टनला त्यांनी ४-१ असं हरवलं. अंतिम फेरीत समोर कोण होतं ठाऊक आहे? विल्टला सोडून देणारा सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स. ४-२ असा विजय मिळाला आणि तीस वर्षांच्या विल्टला पहिलं एनबीए विजेतेपद लाभलं.

हरणारा हा शिक्का आता पुसला गेला असेल, असं आपल्याला वाटतं. वर्षभर पुसला गेलाही. पुढच्या हंगामात तर विल्टने गुणांसाठी साथीदारांना पास देण्यातच सगळ्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला, एकूण ७०२ वेळा. पण १९६८ मध्ये बॉस्टनविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेऊन त्याचा संघ सातव्या सामन्यात हरला. कनिंगहॅम मनगट मोडून घरी बसला होता, इतरही खेळाडू जायबंदी होते. तरी बोट पुन्हा विल्टकडेच वळलं. आता तक्रार अशी, की शेवटच्या सामन्यात त्याने स्वतः गुण करायचा पुरेसा प्रयत्नच केला नाही. पूर्वी दोष होता जास्त गुण करण्याचा, आता कमी गुण करण्याचा. एकदा नावाला शिक्का चिकटला की लोक त्याच्यासाठी कारणं कशी शोधून काढतात, ते यातून दिसतं.

तिसरा संघ : मोठी नावं एकत्र आली तरी...

१९६८ च्या उन्हाळ्यात विल्ट लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला. बदल्यात तीन खेळाडू दिले गेले. त्यातला एक डॅरॉल इमहॉफ. शंभर गुणांच्या त्या रात्री निक्सकडून विल्टला अडवायला उभा होता, तोच हा!

लेकर्सकडे जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर हे दोन महान खेळाडू आधीच होते. त्यात विल्ट आला. आता या संघाला कोण हरवणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण अडचण अगदी साधी होती. बेलरला ज्या जागेतून बास्केटकडे मुसंडी मारायची सवय होती, नेमका तिथेच विल्ट उभा असायचा. प्रशिक्षक बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ आणि विल्ट यांचंही पटेना. तरी संघ १९६९ च्या अंतिम फेरीत पोहोचला. सातवा सामना स्वतःच्या मैदानावर होता आणि विजयाचे फुगे छताला आधीच बांधून ठेवले होते. शेवटची काही मिनिटं राहिली असताना विल्टच्या गुडघ्याला मार बसला आणि तो बाहेर आला. थोड्या वेळाने त्याने परत जाण्याची तयारी दाखवली, पण प्रशिक्षकांनी त्याला पाठवलं नाही. लेकर्स दोन गुणांनी हरले. बॉस्टन पुन्हा विजेता.

त्यानंतर घडलेली गोष्ट विल्टला फार लागली. रसेल आणि तो मैदानावर प्रतिस्पर्धी असले तरी एकमेकांच्या घरी जेवायला जाणारे मित्र होते. निवृत्त होताना रसेलने त्या सामन्यातून बाहेर येण्यावरून विल्टवर उघड टीका केली. दोघांचं बोलणं तुटलं ते कित्येक वर्षांसाठी.

पुढच्याच हंगामात विल्टच्या गुडघ्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. पस्तिशीजवळ आलेला हा खेळाडू आता संपला, असं अनेकांनी ठरवूनही टाकलं. अशा वेळी १९७१ मध्ये बिल शारमन प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी विल्टला नेमकं काम सांगितलं : तू बचाव सांभाळ, रिबाउंड घे आणि चेंडू पटकन पुढे फेक, पळायचं आणि गुण करायचं काम इतर करतील. गंमत म्हणजे हे काम बरंचसं रसेल बॉस्टनसाठी करत आला होता, तसंच होतं. शारमन सामन्याच्या दिवशी सकाळीही सराव घ्यायचे. उशिरा उठणाऱ्या विल्टला ते रुचणारं नव्हतं, तरी तो यायला लागला.

हंगाम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा बेलर निवृत्त झाला. ५ नोव्हेंबर १९७१ पासून लेकर्स जे जिंकत सुटले, ते सलग ३३ सामने! हा विक्रमही अजून अबाधित आहे. ८२ पैकी ६९ सामने त्यांनी जिंकले. अंतिम फेरीत निक्सविरुद्ध विल्टच्या हाताला दुखापत झाली होती. तशाच अवस्थेत पाचव्या सामन्यात तो उतरला, २४ गुण केले, २९ रिबाउंड घेतले आणि लेकर्स विजेते झाले. अंतिम फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू विल्ट चेंबरलेन. त्या वर्षीची त्याची सरासरी होती १४.८ गुण.

उत्तरायुष्य

१९७३ मध्ये सॅन दिएगोच्या एका संघाने त्याला खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही कामांसाठी घेतलं. पण लेकर्सशी असलेल्या कराराचा वाद न्यायालयात गेला आणि त्याला खेळायची परवानगी मिळाली नाही. एक वर्ष प्रशिक्षक म्हणून काढून त्याने बास्केटबॉलचा निरोप घेतला. पुढे तो व्हॉलीबॉलमध्ये रमला. रसेलशी त्याचं पुन्हा जुळलं. १२ ऑक्टोबर १९९९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वयाच्या ६३ व्या वर्षी तो वारला, तेव्हा श्रद्धांजली वाहायला रसेलही आला होता. विल्टच्या नावावर ३१,४१९ गुण आणि २३,९२४ रिबाउंड आहेत. रिबाउंडचा हा आकडा आजवर कोणालाही गाठता आलेला नाही.

आपल्यासाठी यात काय आहे?

आता फळ्यावर दोन रकाने आखा. एकात विल्टची सरासरी लिहा : ५०.४, २४.१, १४.८. दुसऱ्यात त्याच हंगामांत संघाने जिंकलेले सामने लिहा : ४९, ६८, ६९. मुलांना विचारा, या तिघांपैकी सर्वांत चांगला विल्ट कोणता? वर्गात वाद होईल. होऊ द्या. कोणी म्हणेल पन्नास गुणवाला, कोणी म्हणेल जिंकणारा. हळूहळू एखादं मूल म्हणेल की त्याला प्रत्येक वेळी वेगळं काम दिलं होतं. तिथपर्यंत वर्ग पोहोचला की पाठ झाला असं समजा.

आपण मोठ्यांनीही स्वतःला हाच प्रश्न विचारायला हवा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांना बदली काही नवी नाही. एका गावात ज्या गुरुजींच्या नावाने पालक मुलांना शाळेत घालतात, त्याच गुरुजींना दुसऱ्या गावात पहिली दोन वर्षं कोणी विचारत नाही. त्यांचं शिकवणं काही बसमध्ये राहून गेलेलं नसतं. सोबतचे शिक्षक, मुख्याध्यापक, गाव, वाट्याला आलेला वर्ग हे सगळं बदललेलं असतं. आपल्या बाबतीत हे आपल्याला लगेच पटतं. मुलांच्या बाबतीत मात्र आपण विसरतो आणि गुणपत्रक बघून लगेच ठरवून मोकळे होतो, की मूल बिघडलं.

म्हणून वर्गात नवीन आलेल्या मुलाबद्दल तीन गोष्टी जरूर बघाव्यात. पहिली, त्याला इथे नेमकं काय काम मिळालं आहे? आधीच्या शाळेत तो गटप्रमुख असेल आणि इथे त्याला कोणी काही विचारतच नसेल, तर तो गप्पच बसणार. दुसरी, त्याने पास दिला तर घेणारं कोणी आहे का? म्हणजे त्याच्या उत्तराला दाद देणारा, डबा वाटून खाणारा एखादा सोबती त्याला मिळाला आहे का? तिसरी, त्याच्या आधी त्याचा शिक्का तर आपल्यापर्यंत पोहोचला नाही ना? मागच्या शाळेतून कानावर आलेली एखादी गोष्ट आपण वर्षभर खरी धरून चालतो.

पालकहो, तुमच्यासाठीही एक विनंती. शाळा बदलली की सगळं ठीक होईल, असं समजू नका. विल्टला दुसऱ्या संघात जिंकायला दोन वर्षं लागली आणि तिसऱ्या संघात चार. त्या मधल्या काळात त्याला संपलेला म्हणणारे पुष्कळ होते. मुलालाही नव्या शाळेत असाच वेळ लागतो. तेवढ्या काळात घरात जुन्या गुणांशी रोज तुलना करू नका आणि महिन्यातून एकदा तरी वर्गशिक्षकांना भेटा. मूल कुठे बसतं, कोणाबरोबर खेळतं, कोणत्या कामात पुढे येतं, हे विचारा. किती गुण पडले, ते तर गुणपत्रकात दिसणारच आहे.